थांबा म्हणण्याचे पैसे

दापोलीच्या कृषी विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन मी २००९ साली संगमेश्वर तालुक्यात परत आले आणि लोकांची झाडं मोजून द्यायला लागले. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव जंगल अगदी थोडं. डोंगरउतारावर जे हिरवं दिसतं ते बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असतं. त्या रानात झाडं किती, कुठली, केवढ्या घेराची, त्यातलं आज काय तोडावं, काय राखावं, ठेकेदार सांगतो तो भाव बरा आहे का, कागदात काही अडचण आहे का, हे मालकाला लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. हे काम कसं करायचं ते विद्यापीठात शिकले होते. त्याचे पैसे कसे घ्यायचे, हे शिकायला मात्र पुढची आठ-नऊ वर्षं गेली.

पहिलं काम सव्वा हेक्टरचं होतं. सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली नऊ मुंबईत. गावात राहणाऱ्या वहिनींना ठेकेदाराने सगळ्या रानाचे उक्ते साठ हजार सांगितले होते. मी दोन माणसं घेऊन गेले. त्यातले एक काका नुसती साल बघून झाड ओळखायचे, पानाकडे मान वर करायचेही नाहीत. तीन दिवस आम्ही एकेका झाडाला छातीइतक्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेप गुंडाळत होतो. मोजलेल्या झाडावर खडूची रेघ, वहीत नोंद. साठ सेंटिमीटरच्या वरच्या घेराची २१२ झाडं निघाली. यादी हातात आल्यावर वहिनींनी दुसऱ्या दोघा ठेकेदारांना बोलावलं आणि सौदा एक लाख पाच हजारांवर ठरला.

मग ओटीवर चहा झाला आणि वहिनींनी विचारलं, "ताई, तुमचं काय द्यायचं?"

मी म्हटलं, "द्याल ते."

त्यांनी दीड हजार रुपये आणि आमसुलांची पिशवी दिली, तीही मायेने. दोन माणसांची मजुरी, एसटी, उतारे, झेरॉक्स धरून माझ्या खिशातून सतराशेच्या वर गेले होते. वहिनींची यात काडीचीही चूक नव्हती. किंमत मी सांगितली नाही, तर त्यांना ती कळणार कशी? एकदा ताई म्हटल्यावर पैशाचा शब्द काढणं कोकणात जड जातं, आणि तो शब्द काढणं हे कामाला आलेल्या माणसाचं काम आहे, मालकाचं नाही. आज मी रक्कम पहिल्याच फोनवर सांगते. घरातून निघण्याआधी सांगितलेली रक्कम कुणालाच टोचत नाही. ओटीवर चहाच्या कपामागे सांगितलेली टोचते.

त्यानंतर मी टक्केवारीवर आले. लाकूड विकून येईल त्याचे पाच टक्के. मालकाला हे आवडायचं, कारण आधी काही द्यावं लागत नाही. मलाही आवडलं, कारण मागावं लागत नाही. ठेकेदाराने पैसे मोजले की त्यातूनच माझे बाजूला निघत. दोन वर्षं हे सुरळीत चाललं.

मार्च २०१२ मध्ये हिशेबाची वही घेऊन बसले. दोन वर्षांत एकोणीस कामं झाली होती. एकोणीसच्या एकोणीस रानांत तोड झाली होती. एकाही मालकाला मी "थांबा" म्हणून लिहून दिलं नव्हतं. खोटं मी कुठेच लिहिलं नव्हतं. घेर खरे होते, झाडांची संख्या खरी होती. पण ज्या सल्ल्याने मला काही मिळणार नाही, तो सल्ला एकोणीस वेळांत एकदाही माझ्या हातून उतरला नव्हता.

त्यातलं एक रान मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. ऐनाची एकसारखी वाढलेली तरणी झाडं, घेर पंचावन्न ते पासष्ट सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन फूट. असं झाड तोडलं तर ते जळाऊ म्हणून टनावर जातं, कारखान्याच्या बॉयलरमध्ये. तेच झाड तीन फूट घेराचं होऊ दिलं तर ते कापायच्या गिरणीत जातं आणि घनफुटावर विकलं जातं. घेर दीडपट झाला की त्याच लांबीच्या ओंडक्यातलं लाकूड सव्वादोनपट होतं. शिवाय भावाची जात बदलते ती वेगळीच. हे सगळं मला माहीत होतं. टेप गुंडाळताना माहीत होतं, वहीत आकडा लिहिताना माहीत होतं. अहवालात मी लिहिलं, "तोडीस हरकत नाही." मालकाला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे होते हे खरं. पण निम्मी झाडं काढून निम्मी राखली असती तरी त्याचं भागलं असतं, हे मी त्याला बोलले नाही.

पावसाळ्यानंतर त्या वाटेने गेले. प्रत्येक खुंटातून आठ-आठ, दहा-दहा फुटवे आले होते. ऐन असा मरत नाही. पण ते फुटवे तिसऱ्या वर्षी विरळ करून एक-दोनच ठेवावे लागतात, नाहीतर सगळेच काठीसारखे राहतात. हे सांगायला मी मालकाच्या घरी गेले आणि निम्मी राखता आली असती हेही सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "तेव्हा का नाही बोललात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षापासून मी टक्केवारी घेतलेली नाही.

एक वर्ष रोजावर काम करून पाहिलं. मालक दर तासाला घड्याळाकडे बघतो आणि आपण उतारावर धावत मोजतो. त्यातून काम बिघडलं, दुसरं काही झालं नाही. तेही सोडलं.

२०१४ मध्ये एका मुंबईच्या कंपनीचं काम आलं. तिने घाटाच्या पायथ्याला ११८ हेक्टर जमीन घेतली होती आणि तिथे उभ्या रानाचा हिशेब आणि दहा वर्षांचा आराखडा हवा होता. तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवली होती. दर हेक्टरी सांगा म्हणाले. मी हेक्टरी बाराशे सांगितले, एकूण एक लाख एकेचाळीस हजार सहाशे. तोवरच्या माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं काम.

एवढ्या रानात प्रत्येक झाड मोजायचं नसतं. नकाशावर ठरावीक अंतराने ठिपके टाकायचे, प्रत्येक ठिपक्यावर १७.८४ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखायचं. ते दहा गुंठ्यांच्या आसपास, म्हणजे हेक्टरचा दहावा भाग भरतं. त्या वर्तुळातलं एकूण एक झाड मोजायचं आणि त्यावरून सगळ्या रानाचा अंदाज काढायचा. पाच टक्के मोजायचं ठरलं, म्हणजे ५९ वर्तुळं. रोज चार धरून पंधरा दिवसांत संपवू असा माझा हिशेब होता. चोवीस दिवस लागले. खालच्या अंगाला दिवसाला पाच वर्तुळंही झाली. वर कारवीत शिरलो तेव्हा दोन झाली तरी खूप. उभ्या उतारावर दोरी तेवढीच धरली तर वर्तुळ लहान पडतं, म्हणून उताराचा कोन मोजून दोरी वाढवावी लागते. एकाने वरून दोरी धरायची, दुसऱ्याने कारवी कोयतीने सारत खाली उतरायचं, तिसऱ्याने मधे ओरडून सांगायचं. एका वर्तुळात जुना बेहडा होता, त्याच्या ढोलीत धनेशाची वीण. मी तो राखायच्या झाडांच्या यादीत पहिला घातला. टक्केवारी नव्हती, त्यामुळे लिहिताना हात अडखळला नाही.

तोटा झाला नाही, पण अहवाल दिल्यावर पैसे यायला सात महिने लागले. तोवर चार माणसांची मजुरी आणि जीपचं भाडं मी उसने घेऊन भागवलं होतं. तेव्हापासून मोठ्या कामाला दोन नियम केले. पहिला, सरसकट हेक्टरी दर नाही. सपाट, चढाचा आणि कड्याचा असे तीन दर, आणि ते ठरवायला आधी एक दिवस रान चालून बघायचं. दुसरा, एक तृतीयांश रक्कम आगाऊ, एक तृतीयांश रानातलं काम संपलं की, उरलेली अहवाल हातात देताना. मोठा मालक घासाघीस करतो, पण लेखी ठरलेलं मोडत नाही. न ठरलेलं मात्र कधीच देत नाही.

या कामाची बातमी तालुकाभर झाली आणि दर सगळ्यांना कळला. पुढच्याच महिन्यात एका सव्वा हेक्टरवाल्या काकांना मी साडेसात हजार सांगितले. काकांनी बोटावर हिशेब केला आणि सरळ विचारलं, "कंपनीला हेक्टरी बाराशे आणि आम्हांला सहा हजार? गरिबाला पाचपट?"

प्रश्न रास्त होता आणि मला लागला. रात्री मी वही उघडली. छोटं असो की मोठं, जाण्यायेण्याचा दिवस तेवढाच. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा काढायला तलाठी आणि भूमी अभिलेखच्या तेवढ्याच खेपा. उलट छोट्या मालकाचे कागद जास्त गुंतागुंतीचे, कारण वारस जास्त. पण खरा फरक दुसऱ्याच जागी होता. कंपनीच्या ११८ हेक्टरांत मी प्रत्यक्षात मोजलं होतं ५.९ हेक्टर. काकांच्या सव्वा हेक्टरात मला सव्वाच्या सव्वा हेक्टर मोजायचं होतं. छोट्या रानात नमुना चालत नाही. एक मोठा ऐन वर्तुळात आला की नाही आला, एवढ्यावर सगळा अंदाज उलटतो. प्रत्यक्ष टेप लागली त्या जमिनीवर भाग घातला तर कंपनीला हेक्टरी चोवीस हजार पडले होते, काकांना सहा हजार.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन काकांकडे गेले आणि हे सगळं त्यांच्यासमोर मांडलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "हिशेब पटला. पण माझ्याकडे साडेसात नाहीत." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दर योग्य असतो आणि तरीही माणसाला परवडत नाही, हे छोट्या मालकाच्या बाबतीत कायमचं आहे. दर पाडून ते सुटत नाही. एक दिवस मीच बंद पडेन आणि मग ठेकेदाराचा शब्द एवढाच शब्द उरेल.

वाट काकांनीच काढली. त्यांच्या उताराला लागून भावकीच्या आणखी दहा जणांची रानं होती. शिमग्याला सगळे चाकरमानी गावात येतात, पालखी घरोघर फिरते, तेव्हा सह्या मिळतात, एरवी नाही. त्या शिमग्यात पालखीच्या सहाणेजवळ बैठक झाली. अकरा खातेदार, मिळून नऊ हेक्टर. एकदाच जायचं, एकच नकाशा करायचा, तलाठ्याकडे एकत्र जायचं. वेगवेगळं केलं असतं तर सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या घरात गेलं असतं. एकत्र केल्यावर तेहतीस हजारांत बसलं.

वाटणी कशी करायची यावर मात्र रात्र गेली. क्षेत्रावर केली तर ज्याचं रान कातळाचं, झाडंच नाहीत, त्याने का द्यावं? सारखी केली तर चाळीस झाडंवाला आणि चारशे झाडंवाला एकाच मापाने. शेवटी असं ठरलं की कागदांसाठी प्रत्येकी हजार आणि वर झाडामागे आठ रुपये. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या वरची २,७५० झाडं भरली. चाळीस झाडंवाल्याला १,३२० आले, ४१० झाडंवाल्याला ४,२८०. झाड तोडलं तरी आठ आणि राखलं तरी आठ. चुलतभावांत एका गडग्यावरून वाद होता, कोर्टात नाही पण बोलणं बंद. त्या गडग्यालगतची सतरा झाडं मी वेगळ्या पानावर लिहिली, दोघांकडून निम्मे-निम्मे पैसे घेतले आणि वाद मिटेपर्यंत हात लावू नये असं खाली लिहिलं. दोघांनीही त्या पानावर सही केली.

त्या नऊ हेक्टरांत सहा जणांना मी "आठ-दहा वर्षं थांबा, आत्ता फक्त वाकडी आणि दबलेली झाडं काढा" असं लिहून दिलं.

ज्यांना विकायचं होतं त्यांना मापाची एक गोष्ट अंगणात करून दाखवली. ठेकेदार ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळतो, ती दोरी चार पदरी दुमडतो, त्या पदराची लांबी मोजतो, तिला तिनेच गुणतो आणि मग ओंडक्याच्या लांबीने गुणतो. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ऐनाचा ओंडका पडला होता. दोरी दुमडली, पदर बरोबर एक फूट. एक गुणिले एक गुणिले दहा, म्हणजे दहा घनफूट. वर्तुळाच्या खऱ्या गणिताने त्यात १२.७ घनफूट लाकूड असतं. ही फसवणूक नव्हे. कापताना कडेचं वाया जातं म्हणून व्यापारात ही रीत पडलेली आहे, आणि भावही त्याच मापाला धरून बोलला जातो. फसवणूक होते ती भाव एका मापाचा आणि मोजणी दुसऱ्या मापाची केली तेव्हा. घनमीटरचे घनफूट करताना खऱ्या गणिताने ३५.३ होतात, दोरीच्या रीतीने २७.७. सौदा करताना कुठलं माप, हे कागदावर लिहून घ्या, एवढं मी सगळ्यांना सांगते. याचे वेगळे पैसे घेत नाही.

वेगळे पैसे घेते ते कागद बघण्याचे, आणि तेही मोजणीच्या आधी. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'खाजगी वन' अशी नोंद असेल तर झाडं मोजून उपयोग नाही. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून अशी वनं सरकारजमा झाली आणि पुष्कळांना ते नंतर कित्येक वर्षांनी उताऱ्यावर दिसलं. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइसच्या खटल्यात, जुन्या काळी नुसती नोटीस निघाली होती एवढ्यावरून जमीन खाजगी वन धरता येत नाही असा निकाल दिला. पण उताऱ्यावरची नोंद त्या निकालाने आपोआप पुसली जात नाही. असा उतारा दिसला की मी आठशे रुपये घेऊन थांबते आणि मालकाला वकिलाकडे पाठवते. मोजणीचे सात हजार घेऊन मग हे सांगणारेही आहेत. मला ते लबाडीचं वाटतं.

दुसरी एक गोष्ट मी कुणासाठीच करत नाही. "परवानगी काढून द्या, मिळाली तर एवढे देतो." १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा अशी झाडं येतात आणि ती आपल्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अर्ज लिहून देणं, यादी आणि नकाशा जोडणं, अधिकारी पाहणीला आले तर सोबत चालणं, याचे मी ठरलेले पैसे घेते. परवानगी मिळो वा न मिळो, रक्कम तीच. निकालावर पैसे ठरवले की माणूस निकाल विकत घ्यायला निघतो. बांबूचं मात्र सुटलं. भारतीय वन कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर मालकीच्या जमिनीतला बांबू कायद्याच्या लेखी झाड राहिला नाही, आणि माणगा बांबू लावणाऱ्या शेतकऱ्यांचं माझ्याकडचं ते काम संपलं. ते संपलं याचा मला आनंदच आहे.

आज माझ्याकडे एक छापील कागद आहे. पहिली फेरी आणि कागद बघणं, आठशे. एकट्या छोट्या मालकाची पूर्ण मोजणी, जाण्यायेण्याचा खर्च अधिक झाडामागे दर. पाच किंवा जास्त खातेदार एकत्र आले तर तो खर्च वाटून. पंचवीस हेक्टरांच्या वर, उताराप्रमाणे तीन दर आणि तीन हप्ते. शेवटच्या ओळीत लिहिलं आहे की विक्रीवर टक्के घेतले जात नाहीत, मालकाकडून नाही आणि ठेकेदाराकडूनही नाही. ही शेवटची ओळ वाचून ठेकेदार आधी हसायचे. आता त्यांतले दोघे स्वतःच मालकांना माझ्याकडे पाठवतात, कारण यादी दोन्ही बाजूंना मान्य असली की तोड सुरू झाल्यावर भांडण होत नाही.

गेल्या वर्षी एकतीस कामं झाली. बारा मालकांना थांबा म्हटलं. बाराही जणांनी पूर्ण पैसे दिले, एकाने दोन हप्त्यांत.

तुमच्या रानात कुणाला मोजायला बोलावणार असाल, तर पहिल्याच फोनवर एक विचारा. तुमचे पैसे झाड पडल्यावर, की ते उभं राहिलं तरी? आणि जे उत्तर येईल ते लिहून घ्या.